विश्लेषण : राजाने घातलेली मागणी की तहातले कलम? शेक्सपिअरच्या नाटकातील फ्रेंच राजकन्या प्रत्यक्षात कोण होती?

शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’ या नाटकाचा शेवट युद्धाने नव्हे, तर लग्नाच्या मागणीने होतो. विजयी इंग्लिश राजा पराभूत फ्रान्सच्या राजकन्येला मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये लग्नासाठी विचारतो. ती अडखळत इंग्रजीत उत्तर देते आणि प्रेक्षक हसतात. लॉरेन्स ऑलिव्हिए (१९४४) आणि केनेथ ब्रॅना (१९८९) यांच्या चित्रपटांमुळे हा प्रसंग जगभर पोहोचला. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘द किंग’ या चित्रपटातही ही राजकन्या आहे. मात्र रंगमंचावर हे प्रेमाचे संभाषण सुरू असताना पडद्याआड दोन्ही देशांचे मुत्सद्दी तहाच्या कलमांवरून शेवटचा हात फिरवत असतात आणि त्या कलमांपैकी एक म्हणजे ती स्वतः असते. कॅथरिन ऑफ व्हाल्वा हे तिचे नाव. तिला खरोखर नकार देता आला असता का? तिचे पुढे काय झाले? आणि ज्या लग्नासाठी दोन देशांनी करार केला, त्यापेक्षा तिने गुपचूप केलेले लग्न इतिहासात अधिक महत्त्वाचे का ठरले?

कॅथरिन कोण होती?

कॅथरिनचा जन्म २७ ऑक्टोबर १४०१ रोजी पॅरिसमधील ‘सेंट पोल’ या राजवाड्यात झाला. फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स आणि राणी इझाबो यांची ती सर्वांत धाकटी मुलगी. राजघराणे श्रीमंत होते, पण घर शांत नव्हते. तिच्या जन्माच्या नऊ वर्षे आधी, १३९२ मध्ये, तिच्या वडिलांना मानसिक आजाराचा पहिला मोठा झटका आला होता. लष्करी मोहिमेवर असताना त्यांनी स्वतःच्याच माणसांवर तलवार चालवली. पुढे हे झटके वारंवार येत राहिले. आपण काचेचे बनलो आहोत आणि कोणी धक्का दिला तर फुटू, अशी भीती त्यांना वाटत असे. कधी ते स्वतःच्या पत्नीलाही ओळखत नसत.

राजाच राज्य करू शकत नसल्याने सत्ता कोणाच्या हाती, यावरून दरबारात दोन गट पडले. एक बर्गंडीच्या ड्यूकचा आणि दुसरा ऑर्लिन्स घराण्याच्या बाजूचा. हा वाद हळूहळू यादवी युद्धात बदलला. कॅथरिनचे बालपण या भांडणात गेले. तिच्या लग्नाचा निर्णय कोण घेणार, हेही दरबारात त्या वेळी कोणत्या गटाचा वरचष्मा आहे यावरच ठरणार होते.

थोरल्या बहिणीचे काय झाले होते?

राजघराण्यात मुलीच्या लग्नाचा अर्थ काय असतो, याचे उदाहरण घरातच होते. कॅथरिनची थोरली बहीण इझाबेला हिचे लग्न १३९६ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्याशी झाले. तेव्हा ती जेमतेम सात वर्षांची होती आणि नवरा २९ वर्षांचा. या लग्नाबरोबरच दोन देशांमध्ये २८ वर्षांची युद्धबंदी ठरली होती. म्हणजे सात वर्षांची नवरी ही त्या युद्धबंदीची हमी होती.

तीन वर्षांतच रिचर्डला पदच्युत करून चौथा हेन्री गादीवर आला. रिचर्ड कैदेत मरण पावला आणि दहा वर्षांची इझाबेला विधवा झाली. नव्या राजाने तिला आपल्या मुलासाठी मागण्याचाही विचार केला होता. हा मुलगा म्हणजेच पुढचा पाचवा हेन्री. ते जमले नाही. हुंड्याच्या रकमेवरून वाद घालत अखेर १४०१ च्या उन्हाळ्यात तिला फ्रान्सला परत पाठवण्यात आले. त्यानंतर काही आठवड्यांतच कॅथरिनचा जन्म झाला. इझाबेलाचे दुसरे लग्न ऑर्लिन्स घराण्यातील चार्ल्सशी झाले आणि १४०९ मध्ये बाळंतपणात, वयाच्या १९ व्या वर्षी तिचा मृत्यू झाला.

कॅथरिनसाठी बोलणी कधी सुरू झाली?

पाचवा हेन्री १४१३ मध्ये गादीवर आला, तेव्हा कॅथरिन अकरा वर्षांची होती. हेन्रीच्या वकिलांनी १४१४ मध्ये पॅरिसला जाऊन जी मागणी मांडली, तिची यादी लांबलचक होती. नॉर्मंडी, आंजू, मेन, तुरेन, अ‍ॅक्विटेन असे मोठाले प्रदेश, त्याशिवाय ५८ वर्षांपूर्वी इंग्रजांनी कैद केलेल्या फ्रेंच राजाच्या खंडणीपैकी थकलेली १६ लाख क्राउनची बाकी आणि या सगळ्याबरोबर राजकन्या कॅथरिन. तिच्या हुंड्यापोटी आणखी २० लाख क्राउन.

फ्रेंच बाजूने ६ लाखांचा देकार आला. १४१५ च्या सुरुवातीला इंग्रज १० लाखांपर्यंत खाली आले, फ्रेंच ८ लाखांपर्यंत वर गेले. कोणत्याही घासाघिशीत होते तसे दोन आकडे जवळ येत होते. पण खरा अडसर हुंड्याचा नव्हता, जमिनीचा होता. हेन्रीला हवे असलेले प्रदेश पूर्ण सार्वभौम हक्काने देणे कोणत्याही फ्रेंच सरकारला शक्य नव्हते. बोलणी फिसकटली आणि हेन्रीने सैन्य जमवले. बोलणी फिसकटावीत म्हणूनच मागण्या अवाच्या सवा ठेवल्या होत्या, असे अनेक इतिहासकार मानतात. लग्नाचा प्रस्ताव आणि युद्धाची तयारी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू होत्या.

हेन्रीचा फ्रान्सवर दावा कशाच्या आधारे होता?

हा दावा जुना होता. हेन्रीचा पणजा तिसरा एडवर्ड हा आईच्या बाजूने फ्रेंच राजाचा नातू होता. फ्रेंचांचे म्हणणे असे की, स्त्रीला गादी मिळत नाही आणि स्त्रीमार्फत तिच्या मुलालाही मिळत नाही. इंग्रजांना हा नियम मान्य नव्हता. याच मतभेदातून १३३७ मध्ये शतकभर रेंगाळलेले युद्ध सुरू झाले.

शेक्सपिअरच्या नाटकात सुरुवातीलाच कँटरबरीचा आर्चबिशप या नियमावर लांबलचक आणि रटाळ भाषण देतो. प्रेक्षक बहुधा कंटाळतात, पण नाटकाची कळ तिथेच आहे. स्त्रीमार्फत राज्य मिळू शकते का, या प्रश्नाने नाटक सुरू होते आणि एका स्त्रीशी लग्न करून राज्य मिळवण्याने संपते. या सगळ्यात त्या स्त्रीला स्वतःला काय मिळणार, हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

अ‍ॅजिनकोर्टनंतर लगेच लग्न झाले का?

नाटक पाहणाऱ्याला तसे वाटते. प्रत्यक्षात २५ ऑक्टोबर १४१५ ची अ‍ॅजिनकोर्टची लढाई आणि लग्न यांत साडेचार वर्षांहून अधिक काळ गेला. लढाईत फ्रेंच सरदारांची एक पिढीच कापली गेली. कॅथरिनचा मेहुणा, इझाबेलाचा विधुर नवरा चार्ल्स, कैद झाला आणि पुढची २५ वर्षे इंग्लंडमध्ये राहिला. लागोपाठ दोन युवराज वारले आणि तिसरा भाऊ चार्ल्स युवराज झाला. १४१७ पासून हेन्रीने नॉर्मंडीतील एकेक शहर घेण्यास सुरुवात केली. दीर्घ वेढ्यानंतर जानेवारी १४१९ मध्ये रूआँ शहर शरण आले. आता पॅरिसचा रस्ता मोकळा होता. त्यामुळे लग्नाची बोलणी पुन्हा सुरू झाली.

म्यूलाँच्या बैठकीत काय घडले?

१४१९ च्या मे महिन्याच्या अखेरीस पॅरिसजवळ म्यूलाँ येथे सीन नदीकाठच्या मैदानात दोन्ही बाजू भेटल्या. मैदान आखून घेतले होते, दोन्हीकडे तंबू होते आणि कोणाची किती माणसे आत येणार हेही ठरलेले होते. राजाला बरे नसल्याने राणी इझाबो आणि बर्गंडीचा ड्यूक जॉन आले होते. त्यांच्याबरोबर १७ वर्षांची कॅथरिनही होती. हेन्रीने तिला प्रथम पाहिले ते इथे.

आपल्याकडच्या भाषेत हा चक्क बघण्याचा कार्यक्रम होता. हेन्रीला मुलगी पसंत पडली, असे त्या काळच्या इतिवृत्तांत नोंदवले आहे. पसंती कळल्यावर तिला नंतरच्या बैठकांपासून दूर ठेवण्यात आले, असेही त्यांत म्हटले आहे. ओढ वाढली की अटी सैल होतील, हा त्यामागचा हिशेब. तो चुकला. हेन्रीने प्रदेशाच्या मागणीत माघार घेतली नाही आणि महिनाभराच्या चर्चेनंतर बैठक काहीही न ठरता संपली. कॅथरिन आवडणे ही एक गोष्ट आणि तिच्यासाठी एखादा किल्ला सोडणे ही दुसरी, हे हेन्रीने तेव्हाच दाखवून दिले.

एका खुनाने सौदा कसा पालटला?

बर्गंडीचा ड्यूक जॉन इंग्रजांशी बोलत होता, तसाच तो युवराज चार्ल्सशीही समेट करण्याच्या प्रयत्नात होता. १० सप्टेंबर १४१९ रोजी माँतेरो येथील पुलावर ड्यूक आणि युवराज यांची भेट ठरली. त्या भेटीतच युवराजाच्या माणसांनी ड्यूकला ठार मारले.

हा खून फ्रान्सला फार महागात पडला. नवा ड्यूक फिलिप याने वडिलांच्या हत्येचा बदला म्हणून थेट इंग्रजांशी हातमिळवणी केली. फिलिपची पत्नी मिशेल ही कॅथरिनचीच बहीण. म्हणजे एका बहिणीच्या सासऱ्याचा खून तिच्याच भावाच्या माणसांनी केला होता. आता पॅरिस, आजारी राजा आणि राणी हे तिन्ही बर्गंडीच्या गटाच्या ताब्यात होते आणि त्या गटाला युवराज नको होता. हेन्रीची किंमत एका रात्रीत वाढली. चार वर्षांपूर्वी तो काही प्रांत आणि हुंडा मागत होता, आता त्याला संपूर्ण फ्रान्स मिळणार होता.

त्रुवाच्या तहात काय ठरले?

२१ मे १४२० रोजी त्रुवा शहरात तह झाला. त्यातील मुख्य बाबी अशा :

- हेन्री आणि कॅथरिन यांचा विवाह. त्यामुळे हेन्री हा सहाव्या चार्ल्सचा मुलगा मानला जाईल.
- चार्ल्स हयात असेपर्यंत राजा राहील, मात्र राज्यकारभार हेन्री पाहील.
- चार्ल्सच्या मृत्यूनंतर फ्रान्सचा मुकुट हेन्री आणि त्याच्या वारसांकडे जाईल.
- दोन्ही देशांचा राजा एक, पण प्रत्येक देशाचे कायदे आणि प्रथा वेगळ्या राहतील.
- कॅथरिनच्या माहेरवर लग्नाच्या खर्चाचा बोजा नसेल. उलट तिला इंग्लंडमध्ये वर्षाला ४० हजार क्राउनचे उत्पन्न मिळेल.

सुरुवातीला २० लाखांचा हुंडा मागणाऱ्या राजाने अखेर हुंडाच सोडून दिला. यात औदार्य नव्हते. जावयाला सासऱ्याचे सगळे राज्यच मिळणार असेल, तर हुंडा कशाला? कॅथरिनच्या सख्ख्या भावाचा वारसाहक्क मात्र या तहाने संपला. तिच्या लग्नाच्या कागदावरच तिच्या भावाला बेदखल करण्यात आले होते. तहाच्याच दिवशी साखरपुडा झाला आणि २ जून रोजी त्रुवातच विवाह. नवरी १८ वर्षांची होती.

शेक्सपिअरने यात काय बदलले?

नाटक १५९९ च्या सुमारासचे, म्हणजे घटनेनंतर जवळपास १८० वर्षांनी लिहिलेले. शेक्सपिअरने पाच वर्षांचा काळ एका दृश्यात बसवला. बर्गंडीच्या ड्यूकचा खून आणि युवराजाची हकालपट्टी हे अडचणीचे तपशील गाळले. त्यातून विजय आणि त्यापाठोपाठ विवाह अशी सरळ गोष्ट तयार झाली.

भाषेचाही खेळ त्याने केला. खऱ्या हेन्रीला फ्रेंच येत होते, इंग्लंडच्या दरबारात ती पिढ्यान्‌पिढ्यांची भाषा होती. नाटकातला हेन्री मात्र आपण साधा शिपाई गडी आहोत, गोड बोलणे आपल्याला जमत नाही, असे सांगतो आणि ते सांगण्यासाठी भले मोठे भाषण करतो. कॅथरिनला बोलायला जागा फार थोडी मिळते. पण जेवढी मिळते तेवढ्यात ती नेमका प्रश्न विचारते : फ्रान्सच्या शत्रूवर प्रेम करणे तिला कसे शक्य आहे? यावर हेन्री फ्रान्सवर आपले इतके प्रेम आहे की त्यातले एक गावही सोडणार नाही, अशा अर्थाचा विनोद करतो. विनोद फर्मास असला तरी त्यात सगळा व्यवहार उघड होतो. शेवटी ती निर्णय वडिलांवर सोपवते. वडील पलीकडे तहावर बोलत असतात, त्यामुळे तिचे उत्तर आधीच ठरलेले असते. लग्नाआधी चुंबन घेण्याची आपल्याकडे रीत नाही, असे ती सांगते, तेव्हा रीती राजांपुढे झुकतात असे म्हणून हेन्री तीही बाजूला सारतो.

शेक्सपिअरला हे दिसत नव्हते असे नाही. नाटकाच्या मध्यावर हेन्री हार्फ्लर शहराच्या वेशीवर उभा राहून, शरण आला नाहीत तर सैनिक तुमच्या लेकीबाळींवर अत्याचार करतील, अशी धमकी देतो. त्याला लागून पुढचेच दृश्य कॅथरिनचे आहे. ती आपल्या सखीकडून इंग्रजी शिकत असते आणि शिकते ते शब्द शरीराच्या अवयवांचे : हात, बोटे, नखे, कोपर, मान. तिच्या लग्नाची बोलणी अजून कुणी तिच्यापर्यंत आणलेली नसतात. पण वारे कुठे वाहत आहे हे तिला कळले आहे, एवढे प्रेक्षकाला समजते. दृश्य विनोदी आहे, मात्र आधीच्या धमकीमुळे ते हसू पुरते मोकळे राहत नाही.

त्या काळच्या प्रेक्षकांना हा विषय नवा होता का?

अजिबात नाही. नाटक आले तेव्हा गादीवर पहिली एलिझाबेथ होती. तिच्या लग्नाची बोलणी हे जवळपास दोन दशके इंग्लंडच्या परराष्ट्र धोरणाचे मोठे हत्यार होते. होकारही नाही आणि नकारही नाही, अशा अवस्थेत तिने युरोपातील अनेक राजपुत्रांना ताटकळत ठेवले. शेवटची मोठी बोलणी झाली ती फ्रान्सच्या आंजूच्या ड्यूकशी आणि तोही व्हाल्वा घराण्यातलाच. या लग्नाविरुद्ध पुस्तिका लिहिल्याबद्दल जॉन स्टब्स याचा उजवा हात १५७९ मध्ये तोडण्यात आला होता. राजाराणीचे लग्न हा खासगी मामला नसतो, हे लंडनच्या प्रेक्षकाला चांगलेच ठाऊक होते.

फरक एवढाच की, एलिझाबेथ स्वतः वाटाघाटी करत होती, तर कॅथरिनच्या वाटाघाटी इतरांनी केल्या. आणि ही एलिझाबेथ कॅथरिनचीच खापरपणती होती. ते नाते मात्र पाचव्या हेन्रीमार्फत आलेले नव्हते.

लग्नानंतर काय झाले?

लग्नाच्या निमित्ताने खेळ आणि द्वंद्वांचे सामने व्हावेत, अशी सरदारांची इच्छा होती. हेन्रीने त्याऐवजी साँस शहराला वेढा घालायचे ठरवले आणि दोन दिवसांत सैन्य निघाले. पुढचे काही महिने वेढ्यांमध्ये गेले. एका वेढ्याच्या वेळी राणीसाठी छावणीजवळ घर उभारले होते आणि तिथे रोज सकाळ-संध्याकाळ तासभर वाद्ये वाजत असत.

फेब्रुवारी १४२१ मध्ये ती इंग्लंडला पोहोचली आणि २३ फेब्रुवारीला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये तिचा राज्याभिषेक झाला. उपवासाचा काळ असल्याने मेजवानीत मांसाऐवजी माशांचेच पदार्थ होते. महिन्याभरात फ्रान्समध्ये हेन्रीचा भाऊ लढाईत मारला गेला आणि जूनमध्ये हेन्री पुन्हा युद्धावर गेला. ६ डिसेंबर १४२१ रोजी विंडसरला मुलगा झाला. बापाने आपल्या मुलाला कधीच पाहिले नाही.

३१ ऑगस्ट १४२२ रोजी पॅरिसजवळच्या व्हँसेन येथे हेन्री आजाराने मरण पावला. कॅथरिन तेव्हा फ्रान्समध्येच होती, पण त्याच्याजवळ नव्हती. मृत्यूपूर्वी त्याने राज्याची आणि मुलाच्या सांभाळाची जबाबदारी भावांवर आणि नातलगांवर सोपवली. राज्यकारभारात राणीला स्थान दिले नाही. सात आठवड्यांनी, २१ ऑक्टोबरला, सहावा चार्ल्सही वारला. तहानुसार नऊ-दहा महिन्यांचे बाळ दोन देशांचा राजा झाले आणि २१ वर्षांची होण्याआधीच विधवा झालेल्या कॅथरिनचे तहातले काम संपले.

विधवा राणीसाठी संसदेने कायदा का केला?

राजाची आई तरुण होती आणि तिने पुन्हा लग्न केले तर नवा नवरा राजाचा सावत्र बाप ठरणार होता. १४२० च्या दशकात तिचे नाव एडमंड ब्यूफोर्ट या तरुण सरदाराशी जोडले जाऊ लागले. एडमंड हा कार्डिनल ब्यूफोर्टचा पुतण्या. कार्डिनल आणि राजाचा काका ड्यूक ऑफ ग्लॉस्टर यांच्यात सत्तेवरून उभा दावा होता. हे लग्न झाले असते तर बालराजावर ब्यूफोर्ट गटाचा प्रभाव वाढला असता.

त्यामुळे १४२७-२८ च्या संसदेत कायदा झाला. राजाच्या परवानगीशिवाय विधवा राणीशी लग्न करणाऱ्या पुरुषाच्या जमिनी आणि मालमत्ता त्याच्या हयातीपुरत्या जप्त होतील, असे ठरले. परवानगी देण्यासाठी राजा जाणत्या वयाचा असला पाहिजे, अशीही अट होती. राजा तेव्हा सहा वर्षांचा होता. म्हणजे नाव न घेता संसदेने तिला अनेक वर्षे थांबायला सांगितले होते. पहिल्या लग्नात होकार इतरांनी दिला, दुसऱ्या वेळी नकारही इतरांनीच देऊन टाकला.

ओवेन ट्यूडर कोण होता?

कॅथरिनने या कायद्यातून वाट काढली ती अशी की तिने जप्त करण्यासारखे फारसे काही नसलेल्या माणसाशी लग्न केले. ओवेन ट्यूडर हा वेल्समधील एका जुन्या घराण्यातला, पण तिच्या पदरी नोकरीला असलेला माणूस. त्याचे वाडवडील इंग्रजांविरुद्धच्या वेल्श बंडात सामील होते आणि त्या बंडानंतर वेल्श लोकांवर इंग्लंडमध्ये अनेक कायदेशीर बंधने होती. १४३२ मध्ये त्याला इंग्लिश प्रजेचे हक्क देण्यात आले.

नाचताना तोल जाऊन तो राणीच्या मांडीवर पडला आणि ओळख वाढली, अशी आख्यायिका पुढे रंगली. खरे एवढेच की विवाह गुपचूप झाला, राणी दरबारापासून दूर राहिली आणि त्यांना एडमंड, जॅस्पर अशी मुले झाली. इथे ना प्रदेश मिळणार होता, ना युद्धबंदी होणार होती, ना कुणाचा हुंडा थकला होता.

तिचा शेवट कसा झाला?

आजारपणामुळे कॅथरिन लंडनजवळच्या बर्मंडसी येथील मठात गेली आणि ३ जानेवारी १४३७ रोजी तिचा मृत्यू झाला. वय ३५ वर्षे. तिचे संरक्षण जाताच ओवेनला न्यूगेटच्या तुरुंगात टाकण्यात आले. तो एकदा निसटला, पुन्हा पकडला गेला आणि १४३९ मध्ये त्याला माफी मिळाली. मुलांना एका मठाच्या प्रमुख साध्वीकडे सांभाळायला देण्यात आले. पुढे सहाव्या हेन्रीने या सावत्र भावांना मानाने दरबारात आणले आणि १४५२ मध्ये दोघांना अर्ल केले. ओवेन १४६१ मध्ये यादवी युद्धात पकडला गेला आणि हेरफर्ड येथे त्याचा शिरच्छेद झाला. मरताना त्याने राणी कॅथरिनची आठवण काढल्याचे एका इतिवृत्तात नमूद आहे.

तह टिकला का?

नाही. कॅथरिनच्या भावाने वारसा सोडला नाही. जोन ऑफ आर्कने ऑर्लिन्सचा वेढा उठवल्यानंतर १७ जुलै १४२९ रोजी रँस येथे त्याचा सातवा चार्ल्स म्हणून राज्याभिषेक झाला. १४३१ च्या डिसेंबरमध्ये कॅथरिनच्या दहा वर्षांच्या मुलाला पॅरिसमध्ये फ्रान्सचा मुकुट घालण्यात आला. एकाच मुकुटावर एका बाजूने तिचा भाऊ आणि दुसऱ्या बाजूने तिचा मुलगा दावा सांगत होते. १४५३ पर्यंत इंग्रजांकडे फ्रान्समधील फक्त कॅले उरले. शेक्सपिअरही नाटकाच्या अगदी शेवटी, हे सगळे पुढे हातचे गेले, याची आठवण प्रेक्षकांना करून देतो. सहावा हेन्री आजोबांप्रमाणेच मानसिक आजाराने ग्रासला, गादीवरून गेला आणि १४७१ मध्ये कैदेत मरण पावला. त्याचा एकुलता एक मुलगाही त्याच वर्षी लढाईत मारला गेला. तहातून जन्मलेला वंश तिथेच संपला.

ज्या लग्नाला संसदेने आधीच मज्जाव केला होता, त्याचे मात्र वेगळे झाले. एडमंड ट्यूडरचा मुलगा हेन्री याने २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थची लढाई जिंकली आणि तो सातवा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला. आठवा हेन्री हा कॅथरिनचा पणतू आणि एलिझाबेथ खापरपणती. शेक्सपिअरने हे नाटक लिहिले तेव्हा देशावर राज्य करणारे घराणे कॅथरिनच्या दुसऱ्या नवऱ्याचे आडनाव लावत होते.

मृत्यूनंतरही तिला निवांतपणा का मिळाला नाही?

कॅथरिनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये पुरण्यात आले होते. नातू सातव्या हेन्रीने तिथे नवे चॅपेल बांधण्यासाठी जुने पाडले, तेव्हा तिची शवपेटी हलवून पहिल्या नवऱ्याच्या कबरीशेजारी ठेवली गेली. ती नीट बंदही नव्हती. पुढची जवळपास पावणेतीनशे वर्षे पैसे देऊन लोक राणीचे वाळलेले शव पाहत. रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेला सॅम्युअल पेपिस २३ फेब्रुवारी १६६९ रोजी, आपल्या वाढदिवशी, तिथे गेला आणि त्याने त्या शवाच्या ओठांचे चुंबन घेतले. एका राणीचे चुंबन घेतल्याचा आनंद त्याने रोजनिशीत नोंदवला. योगायोग असा की २४८ वर्षांपूर्वी याच तारखेला, याच वास्तूत, तिला मुकुट घालण्यात आला होता.

१७७८ मध्ये तिचे अवशेष अखेर नजरेआड करण्यात आले आणि १८७८ मध्ये पाचव्या हेन्रीच्या कबरीवरील छोट्या चॅपेलमध्ये वेदीखाली ते ठेवण्यात आले. आजही ते तिथेच आहेत. ज्याच्याशी तहाने लग्न लावले, त्याच्याजवळ तिला जागा मिळाली. ज्याला तिने स्वतः निवडले, तो ओवेन हेरफर्डला पुरला गेला.